फोटोतलीच बाई हवी

विश्रांतवाडी, पुणे
११ ऑगस्ट २००६

चि. भूषण यास,
सप्रेम जयभीम.

फोनवर आपण दोघं भांडतो आणि कागदावर बरे वागतो, म्हणून लिहिते आहे. सोनाली हे स्कॅन करून तुला मेलने पाठवेल. लेकीला एवढं शिकवल्याचा तेवढा तरी उपयोग.

जूनमध्ये तू आलास आणि सुट्टीचा आठवडा त्या कॉम्प्युटरसमोर घालवून माझ्या नर्सिंग ब्युरोची वेबसाइट करून दिलीस. 'करुणा रुग्णसेवा' असं इंग्रजीत झळकलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. पण खरं सांगू का, त्या साइटवर कुत्रंही फिरकत नाही. सोनाली रोज उघडते आणि मी उघडायला लावते, एवढेच काय ते आमचे पाहुणे.

इकडे कोथरूडला एक नवी एजन्सी निघाली आहे. त्यांच्या साइटवर एक गोरी नर्स हसत उभी असते. अमेरिकेतली मुलं तो फोटो बघून फोन करतात, आणि आईवडिलांकडे पाठवल्या जातात त्या मी शिकवून तयार केलेल्या बायका. या महिन्यात आणखी दोघी तिकडे गेल्या. त्यांना नावं ठेवत नाही, मी काम देऊ शकले नाही तर त्या तरी काय करणार. वॉर्डातली नोकरी सोडून हा ब्युरो काढला तेव्हा वाटलं होतं की म्हातारी माणसं तर वाढतच जाणार, काम कुठे जातं. काम आहे रे, ते आमच्यापर्यंत पोचत नाही.

तू फोटो मागितलेस. बायकांना रांगेत उभं करून काढलेले फोटो शाळेच्या गॅदरिंगसारखे दिसतात असं सोनाली म्हणते. ती परवा बिबवेवाडीला, आपली बाई ज्यांना सांभाळते त्या मालनबाई होल्यांकडे गेली होती, तिथे तिने काही काढलेत. ते पाठवते म्हणाली. तुला जे बरं वाटेल ते कर, पण काहीतरी कर.

तुझी,
अक्षताताई


मिनियापोलिस
१४ ऑगस्ट २००६

प्रिय ताई,
जयभीम.

तुझं पत्र वाचलं आणि शनिवार-रविवार त्यावरच बसलो. चूक माझीच होती. मी साइटवर सगळं लिहिलं होतं: किती तासांची पाळी, कसलं प्रशिक्षण, किती वर्षांचा अनुभव. पण माझ्यासारखा इथे बसलेला माणूस आईसाठी बाई शोधतो तेव्हा तो 'नर्सिंग ब्युरो' असं टाइप करत नाही. 'पुण्यात आईजवळ राहायला कोणी' असं काहीतरी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहितो. मी इथल्या चार-पाच मराठी मित्रांना विचारलं. सगळ्यांनी साधारण असंच सांगितलं. मग ती वाक्यं मी साइटच्या पानांवर पेरली, पानांची नावं बदलली, आणि इथल्या मराठी मंडळांच्या साइट्सवर आपला पत्ता लावून घेतला. सर्च इंजिनला दुसरे कोणी आपलं नाव घेतात असं दिसलं की ते आपल्याला वर आणतं.

आणि सोनालीचा फोटो. ताई, त्या मुलीचा हात कोणी धरू शकणार नाही. गॅलरीत खुर्चीवर बसलेल्या मालनबाई, मागे उभी राहून त्यांची वेणी घालणारी बाई, आणि दोघीही कशावर तरी हसताहेत. मी तो पहिल्या पानावर मोठा करून लावला. खाली लिहिलं, 'चंपाताई आणि मालनआजी, बिबवेवाडी'. मालनबाईंच्या मुलाला, रंगनाथला, डॅलसला मेल करून विचारलं. तो आनंदाने हो म्हणाला. आईचा इतका चांगला फोटो त्याच्याकडेही नव्हता.

साइटवर कोण कुठून आलं आणि काय शोधत आलं, ते मला इथे दिसतं. आता रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी तेच बघतो. आकडा हलायला लागलाय.

तुझा,
भूषण


विश्रांतवाडी
२ सप्टेंबर २००६

चि. भूषण,

फोन सुरू झाले. काल एकाच दिवशी लंडनहून आणि ह्यूस्टनहून. ह्यूस्टनची मुलगी फोनवर रडली. वडील एकटे असतात आणि गॅस चालू ठेवून झोपतात म्हणाली. त्यांच्याकडे आजपासून बाई पाठवली. कोथरूडला गेलेल्यांपैकी एक परत आली आहे. तू पाठीवर थाप मारून घे.

आता एक काम कर. तो पहिल्या पानावरचा फोटो बदल. मी साइट नीट पाहिली नव्हती, परवा सोनालीने दाखवली. मालनबाईंच्या मुलाला तू विचारलंस, पण चंपाला कोणी विचारलं नाही. तिला आवडलेलं नाही. दुसरा कुठलाही लाव. हवं तर माझा लाव, वॉर्ड सिस्टरच्या टोपीतला आहे एक.

पाऊस चिवट आहे. बायकांच्या साड्या वाळत नाहीत.

ताई


मिनियापोलिस
४ सप्टेंबर २००६

प्रिय ताई,

तुझा टोपीतला फोटो मला आठवतो. त्यात तू कोणाला तरी इंजेक्शन द्यायला निघालेली दिसतेस. तो लावला तर आलेले पाहुणे पळतील.

थट्टा सोड. ताई, हे फोन त्या फोटोमुळेच येताहेत. लोक पहिल्या पानावर येतात आणि थांबतात. आधी येऊन लगेच निघून जायचे. आता त्या पानाचा पत्ता एकमेकांना पाठवताहेत. आत्ता तो काढणं म्हणजे दुकान चालायला लागलं की शटर ओढण्यासारखं आहे. चंपाताईंना लाज वाटत असेल तर मी समजू शकतो. आपल्याकडच्या बायकांना फोटोचा संकोच असतो. पण त्यांना सांग, की त्यांच्यामुळे बाकीच्या किती जणींना काम मिळतंय. त्यांना अभिमान वाटेल.

आडनाव तर मी घातलेलंच नाही. दिवाळीपर्यंत राहू दे. तोवर आपला जम बसेल. मग तू म्हणशील तो फोटो.

भूषण


मिनियापोलिस
२४ सप्टेंबर २००६

प्रिय ताई,

माझ्या मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, त्यावरून तुझं काम किती वाढलं ते कळलं. फोटोचंही पुन्हा काही म्हणाली नाहीस, म्हणजे चंपाताई तयार झाल्या असं मी धरलं.

आता बातमी ऐक. मस्कतहून श्यामसुंदर नावाच्या गृहस्थांनी चौकशी केली आहे. आई पुण्यात, अंथरुणाला खिळलेली. दिवसरात्रीसाठी बाई हवी, वर्षभरासाठी. एवढं मोठं काम आपल्याला आजवर मिळालं नसेल. त्यांची अट एकच आहे. त्यांच्याच शब्दांत सांगतो: 'फोटोतलीच बाई हवी. दुसरी चालणार नाही.' मी लिहिलं की त्या दुसरीकडे कामावर आहेत, पण बोलून बघता येईल. तेव्हा ते म्हणाले, निदान ज्यांच्याकडे त्या काम करतात त्यांना भेटून खात्री करून घेतो, मी या आठवड्यात पुण्यात आहे. रीतसर मागणी होती. मी त्यांना मालनबाईंचा पत्ता आणि फोन दिला. ते सोमवारी सकाळी जाणार आहेत. तू मालनबाईंना कल्पना देऊन ठेव.

आणि एक गंमत. महिनाभर कोणीतरी सर्चमध्ये 'चंपा समाधान तायडे पुणे' असं टाकून आपल्या पानावर येतंय. कधी 'आया', कधी 'नर्स' जोडून. परत परत येतं, आणि तेवढं एकच पान बघून जातं. आपली चंपाताई तर मेश्राम ना? ही तायडे कोण असेल ते असो, तिच्या निमित्ताने आपल्याकडे गर्दी झाली.

भूषण


विश्रांतवाडी
२५ सप्टेंबर, सोमवार

भूषण,

सोनालीने तुझा मेल आत्ता वाचून दाखवला. चंपा मेश्राम हीच चंपा तायडे. समाधान तिचा नवरा.

हे पत्र पाठवायच्या आधीच सोनालीने तुला फोन लावला असेल. साइट बंद कर. सगळी.

ती तीन वर्षांपूर्वी अकोल्याहून एका पिशवीनिशी माझ्याकडे आली. पाठीवर इस्त्रीचा डाग होता, पूर्ण इस्त्रीचा, टोकासकट. मी वॉर्डात खूप पाहिलंय, पण मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. माहेरी गेली तर तो तिथून ओढून न्यायचा, म्हणून इकडे आली. वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव लावलं. त्याचं तिकडे कॉम्प्युटर शिकवायचं दुकान आहे, लोक इंटरनेटसाठी त्याच्याकडे येतात. मी तिला शब्द दिला होता की कोणाला सांगणार नाही. सोनालीलाही माहीत नव्हतं, म्हणून तिने फोटो काढला. तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी काढला असतास. आणि तू दिवाळीपर्यंत म्हणालास तेव्हा मीही गप्प बसले. फोन वाजत होते ना.

मालनबाईंचा फोन कोणी उचलत नाही. मी रिक्षाने निघते आहे. इथून बिबवेवाडी म्हणजे सगळं शहर ओलांडायचं.

अ.


मिनियापोलिस
२४ सप्टेंबर, रविवार (तुझा सोमवार)

ताई,

साइट उतरवली. फोटो सर्व्हरवरूनही पुसला. सोनाली, हे तू वाचत असशील तर आईच्या मोबाइलवर लगेच सांग.

आता श्यामसुंदरच्या चौकशीची नोंद पुन्हा काढून पाहिली. ती मस्कतची नाही. भारतातल्याच इंटरनेट जोडणीवरून आलेली आहे, आणि जो महिनाभर 'तायडे' शोधत होता त्याचीही जोडणी तीच. हे मला कधीही बघता आलं असतं. मी फक्त आकडा बघत होतो.

दुसरं म्हणजे आपण साइट काढली तरी सर्च इंजिनाकडे पानाची साठवलेली प्रत काही दिवस राहते. फोटो दिसेल न दिसेल. काढायची विनंती पाठवली आहे. तिला वेळ लागतो. पण पत्ता तर मीच दिलाय, आता त्याला प्रत कशाला लागते.

मी मालनबाईंकडे फोन लावतोय. वाजतोय. पुन्हा लावतो. रंगनाथला काय सांगू ते कळत नाहीये.

फोन कर. कितीही वाजता. कर.

भूषण


विश्रांतवाडी
२८ सप्टेंबर २००६

चि. भूषण,

फोनवर तुला एवढंच सांगितलं की चंपा आपल्याकडे आहे. बाकीचं बोलता आलं नाही. आता लिहिते.

तो वेळेच्या आधीच पोचला होता. मालनबाईंना त्याने रविवारी फोन केला होता, नम्र बोलला होता, म्हणून त्यांनी चंपाला सांगून ठेवलं होतं की मस्कतचे पाहुणे येतील, तुझी चौकशी करायला, जरा बरी साडी नेस. ती बिचारी बरी साडी नेसून दार उघडायला गेली.

तो हातात सफरचंदं घेऊन उभा होता. आत आला, कोचावर बसला. चंपा दाराशी तशीच थिजली. मालनबाईंना वाटलं, ही लाजली, म्हणून त्यांनी तिला पाणी आणायला सांगितलं. आणि तिने आणलंही. मला हेच सारखं डोळ्यांपुढे येतं, की तिने त्याला पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन तो मालनबाईंकडे वळला. हात जोडून म्हणाला की ही माझी बायको आहे, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, दागिने घेऊन निघून आली, मी तीन वर्षं वणवण फिरतोय, तुम्ही आईसारख्या आहात. डोळ्यांत पाणी आणलं. मालनबाईंची उजवी बाजू गेलेली असली तरी डोकं शाबूत आहे. जन्मभर महापालिकेच्या शाळेत शिकवलेलं.

"श्यामसुंदर म्हणून फोन केलात, तो तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं.

तो म्हणाला, तसं नाव सांगावं लागलं, नाहीतर हिने पळ काढला असता.

"म्हणजे नाव खोटं, मस्कत खोटं, आजारी आई खोटी. मग बायकोच्या डोक्याचं तेवढं खरं का मानू?"

त्यावर त्याने हात जोडणं सोडलं. उठून चंपाचं मनगट धरलं आणि ओढत बाहेर काढलं. सफरचंदं घरभर झाली. मी घरून फोन लावला तेव्हा चंपा मालनबाईंना आंघोळ घालत होती; आता वाजत होता तो मी रिक्षातून लावलेला आणि तुझाही. मालनबाईंना उठता येत नाही. त्यांनी काठी जमिनीवर आपटायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरच्या सुशीलाबाईंसाठी त्यांची ती खूण आहे.

मी रिक्षातून उतरले तेव्हा जिन्यावर आरडाओरडा चालला होता. चंपाने एका हाताने कठडा धरला होता आणि तो दुसरा हात पिरगळत होता. सोसायटीतले चार-पाच पुरुष जमले होते. एक जण पुढे झाला, तर हा ओरडला की माझी बायको आहे, मध्ये पडू नका. भूषण, ते सगळे मागे सरले. नवरा-बायकोचं भांडण म्हणून एकाने तर नजरही फिरवली. मी वर धावले, पण मी काय करणार होते. तो माझ्या दुप्पट.

सुशीलाबाई तेवढ्या हलल्या. चांगल्या भरभक्कम बाई आहेत. घटासाठी माळ ओवत होत्या, हातात झेंडूची फुलं तशीच. त्या आल्या आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर फतकल मारून बसल्या. दोन्ही बाजूंना भिंत आणि कठडा, मध्ये त्या. म्हणाल्या, "मी इथून उठत नाही. माझ्यावरून ने." आणि परत फुलं ओवायला लागल्या.

तो क्षणभर थांबला. त्या क्षणात चंपा बोलली. तीन वर्षांत तिचा आवाज माझ्या ब्युरोत कोणी चढलेला ऐकला नाही. ती म्हणाली, "मी याच्याबरोबर जाणार नाही. पोलिसांना बोलवा." एकदा म्हणाली, मग पुन्हा म्हणाली, त्या पुरुषांकडे बघून. तिने तोंडाने सांगितल्यावर मग त्यातल्या एकाने मोबाइल काढला. दुसऱ्याने याचा दंड धरला. त्याआधीच चंपाच्या मनगटाचं हाड गेलं होतं. मला आवाज ऐकू आला.

पोलीस आले, त्याला घेऊन गेले. चौकीत एक जण म्हणाला, घरगुती मामला आहे, समजुतीनं घ्या. मी चंपाची पाठ त्यांच्या बाईशिपायाला आत नेऊन दाखवली. ती बाहेर आली ती थेट लिहायला बसली. तक्रार घेतली आहे. पण तो दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटला.

हाताला प्लास्टर आहे. ती जेवते आणि झोपते, एवढंच. सोनाली तिच्यापुढे जायला धजत नाही. मीही फारशी नाही.

अक्षता


मिनियापोलिस
३ ऑक्टोबर २००६

प्रिय ताई,

तुझं पत्र कितीदा वाचलं ते सांगत नाही. चंपाताईंसाठी सोबत वेगळा कागद जोडला आहे. त्यांना वाचायचा असेल तर दे, नाहीतर फाडून टाक.

रंगनाथचा मेल आला. फार चिडलाय. माझ्या आईच्या घरात तुम्ही हे आणलंत, त्या बाईला पुन्हा तिथे पाठवाल तर इथल्या प्रत्येक मराठी मंडळात तुमच्या ब्युरोचं नाव कळवीन, असं लिहिलंय. तो कळवू शकतो. ज्या मंडळांत मी आपलं नाव पोचवलं, तीच सगळी.

मी काही सुचवू का? हैदराबादला माझा मित्र अभिनव आहे, नवराबायको दोघेही चांगले. त्यांच्या ओळखीने चंपाताईंना तिकडे काम मिळेल. पुणे आता त्याला माहीत झालंय. दुसरं शहर, दुसरं नाव, प्रवासाची आणि राहण्याची सगळी सोय मी करतो. त्यांनी फक्त हो म्हणावं. साइट मी पुन्हा चालू करणार नाही.

भूषण


विश्रांतवाडी
१२ ऑक्टोबर २००६

चि. भूषण,

हैदराबादचं मी चंपाला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तुझा कागद ठेवून घेतला.

रंगनाथची काळजी करायचं कारण उरलं नाही. मालनबाईंनी त्याला फोनवर काय सांगितलं ते सुशीलाबाईंनी मला जसंच्या तसं ऐकवलं: "बाई माझी आहे. तू डॅलसला आहेस, तिथलं बघ." तरी त्याने दुसरी बाई लावून दिली, कोथरूडच्या एजन्सीतून. मालनबाईंनी तिला सुशीलाबाईंकडून चहा पाजला आणि परत पाठवलं. प्लास्टर निघेपर्यंत सुशीलाबाई त्यांचं करताहेत.

साइट गेल्यापासून परदेशचे फोन जवळजवळ थांबले. ह्यूस्टनच्या मुलीचे वडील आहेत, आणखी थोडे आहेत. ब्युरो चालेल की नाही माहीत नाही. पण ते तू मनाला लावून घेऊ नकोस. आधी चंपाचं बघू. समाधान पुण्यातच कुठेतरी आहे. परवा सोनालीला तो आमच्या कोपऱ्यावर पानाच्या टपरीशी उभा दिसला. नुसता उभा होता.

ताई


बिबवेवाडी, पुणे
२१ जानेवारी २००७

भूषण सर,
जयभीम.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. उजवाच हात मोडला होता. नंतर हात बरा झाला तरी काय लिहावं ते कळत नव्हतं.

तुम्ही हैदराबादचं विचारलं होतं. चांगल्या मनाने विचारलं हे मला समजलं. पण अकोल्याहून पुणे, पुण्याहून हैदराबाद, मग तिथून कुठे? मी पळत राहिले तर तो शोधत राहणार. त्याला तेच आवडतं. म्हणून मी गेले नाही.

ऑक्टोबर संपता संपता एक नवा कायदा लागू झाला, घरात मारहाण होणाऱ्या बायकांसाठी. ताईंच्या ओळखीच्या वकील नम्रताबाई आहेत, त्यांनी त्याखाली अर्ज केला. तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला तो यायचा, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि माझ्याकडे बघत बसायचा. पहिल्या तारखेला मी सगळा वेळ खाली फरशीकडे बघितलं. दुसऱ्या वेळी ताईंनी माझ्या आणि त्याच्या मध्ये आपली खुर्ची ओढून घेतली. नंतर मी म्हटलं, ताई, खुर्ची बाजूला घ्या, मला बघू द्या. बघितलं. तो आहे तेवढाच आहे, सर. माझ्या डोक्यात फार मोठा झाला होता.

मालनबाईंना साक्ष द्यायची होती. वकीलबाई म्हणाल्या, त्यांची गरज नाही, लेखी चालेल. त्या ऐकेनात. जिना उतरता येत नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून सोसायटीतल्या चौघांनी त्यांना खाली आणलं. जे त्या दिवशी उभे राहिले होते तेच चौघे. मालनबाई त्यांना म्हणाल्या, "तेव्हा हात खिशात होते. आज कामाला लागले, बरं झालं." त्यातला एक जण खुर्ची ठेवताना माझी माफी मागायला लागला. मी म्हटलं, जपून, आजींचा पाय अडकेल.

या महिन्यात कोर्टाने आदेश दिला. तात्पुरता आहे, खटला चालूच राहणार. पण त्याने माझ्या राहत्या घरी, कामाच्या घरी, ब्युरोजवळ यायचं नाही, फोन करायचा नाही, कोणाकडून निरोप पाठवायचा नाही. आला तर अटक. आदेशाची प्रत चौकीतही दिली आहे. मी पुन्हा मालनबाईंकडे राहते. त्यांच्या मुलाने विरोध केला होता, आता तो फोनवर माझी चौकशी करतो. आधी करत नव्हता.

तुम्ही माफी मागितलीत ती वाचली. चांगलं लिहिलंय. ताई म्हणाल्या, मनात असेल तेच लिही. म्हणून लिहिते की राग अजून आहे. तुम्ही मला ओळखत नव्हता, फोटो चांगला होता, बाकीच्यांना काम मिळत होतं, हे सगळं मला कळतं. तरी मालनबाईंच्या मुलाला तुम्ही विचारलंत आणि मला विचारलं नाहीत. ते जात नाही मनातून. पुढे कधी जाईलही.

ताई साइट पुन्हा सुरू करू या म्हणतात. मलाच विचारलं त्यांनी, तू म्हणशील तसं. मी म्हटलं, करा. पाहुणे आले नाहीत तर काम येणार नाही, माझ्याही पोटाचा प्रश्न आहे. तुमचं ते जुनं लिहिलेलं ठेवा, लोक जसे शोधतात तसं. फक्त कोणत्याही बाईचं नाव आणि तोंड तिला विचारल्याशिवाय नको. आणि कोण बाई कुठे काम करते ते कोणालाही सांगायचं नाही, समोरचा कितीही मोठं काम देत असला तरी. माझा फोटो नको. भीतीने नाही म्हणत. मला नको आहे, एवढंच.

मालनबाईंनी साइटसाठी एक ओळ सांगितली आहे, ती त्यांच्या नावाने टाका म्हणाल्या. 'बाई कामाला चोख आहे. चहा पांचट करते.' मी म्हटलं, दुसरं वाक्य कशाला. तर म्हणाल्या, त्याशिवाय पहिलं कोणाला खरं वाटायचं नाही.

एक सांगायचं राहिलं. मागच्या आठवड्यात दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो होतो आणि दारावरची घंटा वाजली. आम्ही दोघीही थांबलो. कोणी येणार नव्हतं. पुन्हा वाजली. मालनबाईंनी काठीकडे हात नेला आणि म्हणाल्या, "राहू दे, सुशीला बघेल."

मी नको म्हटलं. उठले. हात धुतला. कडीपर्यंत गेले तेव्हा मनगट मोडलं त्याच जागी ठणकायला लागलं. विचारलं, कोण आहे. उत्तर आलं नाही. मग मी दार उघडलं.

गॅसवाला होता. सिलिंडर खांद्यावर, म्हणून बोलता येत नव्हतं त्याला.

आपली,
चंपा सीताराम मेश्राम